मधला माणूस काढला, पण त्याचं काम कोण करणार?

"डायरेक्ट शेतकऱ्याकडून घ्या, सगळं दलाल खातात" हे वाक्य आपण सगळेच बोलतो, लग्नात पंगतीला शेजारी कोण बसलंय ते न बघता बोलतो, आणि घरी परतताना गाडीत बसल्या बसल्या ॲपवरून कोथिंबीर मागवतो कारण ती दहा मिनिटांत येते. यात ढोंग वगैरे काही नाही. थेट घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी नीट सांगतच नाही, त्यामुळे ते भाषणातच राहतं. म्हणून हा लेख जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी पैशाचं बघू. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा, बटाटा यांच्या भावावर एक अभ्यास मांडला. त्यात निघालं ते असं की गिऱ्हाईक जो एक रुपया मोजतं त्यातले टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला साधारण ३३ पैसे पोचतात, कांदावाल्याला ३६ आणि बटाटावाल्याला ३७. हे वाचलं की पहिली रिॲक्शन ठरलेली, बाकीचे पैसे कुणीतरी हाणले! थोडं खरं आहे, पण पूर्ण नाही. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो येतो तो २० किलोच्या क्रेटमध्ये, तिथे तो विकला जातो, मग निवड होते, मग तो ट्रकने वाशीच्या घाऊक मार्केटला, तिथून छोट्या व्यापाऱ्याकडे, तिथून आपल्या नाक्यावरच्या गाडीवर. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तो उचलतो, उतरवतो, तोलतो, भाडं भरतो, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा दबतो, फुटतो, सडतो. गाडीवाल्या काकांचा संध्याकाळी उरलेला मऊ टोमॅटो कुणी परत घेत नाही, तो तोटा त्यांनी सकाळच्या भावातच धरलेला असतो.

आणि आडत्या. याला शिव्या घालणं सगळ्यात सोपं. पण तो करतो काय ते बघा ना. शेतकरी जो माल आणेल तो, मोठा बारीक वाकडा सगळा, त्याच दिवशी विकून देतो. शेतकऱ्याला वाशीतल्या किंवा पुण्याच्या गुलटेकडी मार्केटमधल्या दोनशे खरेदीदारांची ओळख नसते, याला असते. खरेदीदाराने पैसे थकवले तर ते वसूल करायची कटकट याची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उचल. पेरणीला, औषधाला, पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला बँक कागद मागते तेव्हा आडत्या पैसे देतो, त्या बदल्यात माल माझ्याच गाळ्यावर आण म्हणतो. ही बेडी आहे हे मान्य, पण रात्री अकराला फोन केला तर पैसे देणारी बेडी आहे. तेव्हा ह्या माणसाला बाजूला करायचं असेल तर त्याची ही सगळी कामं कुणीतरी उचलावी लागतात. गिऱ्हाईकांनी, शेतकऱ्यांच्या गटाने, कुणीही, पण उचलावी लागतात. लोकल शेतकऱ्याला सपोर्ट म्हणजे माझ्या मते एवढंच, मधल्या माणसाची कामं आपसात वाटून घेणं. भावना बिवना नंतर.

ही कामं कुणी वाटून घेतली नाहीत तर काय होतं याचं एक टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पेपरात आलं होतं, बऱ्याच जणांना आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात १० पोती, म्हणजे ५१२ किलो कांदा नेला, भाव मिळाला किलोला १ रुपया. ५१२ रुपयांतून हमाली, तोलाई, गाडीभाडं असे ५०९ रुपये ५१ पैसे कापून पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) हातात आली, शिल्लक २ रुपये ४९ पैसे, आणि चेक दोन रुपयांचा. माल हलका होता असं व्यापाऱ्याकडून सांगितलं गेलं. असेलही. पण मूळ कारण असं की त्या सीझनचा कांदा टिकत नाही. उन्हाळी कांदा कांदाचाळीत भरून महिनोन्‌महिने थांबता येतं, हा काढला की विकावाच लागतो, आणि सगळ्यांचा एकदमच निघतो. ज्याला थांबता येत नाही त्याला भाव ठरवता येत नाही, शेतमालाच्या बाजाराची अर्धी गोष्ट या एका वाक्यात आहे.

बरं, कायदा आड येतो का? फळं-भाज्यांपुरता नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनातून काढला, म्हणजे शेतकरी आपला माल समितीत न नेता कुठेही, कुणालाही विकू शकतो. आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची हाही निर्णय तेव्हाचाच, त्यावरून व्यापाऱ्यांनी मार्केट बंद ठेवली होती. त्याच सुमारास पणन मंडळाने पुण्या-मुंबईत संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. त्यामुळे तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादा शेतकरी गट टेबल टाकून भाजी विकत असेल तर अडचण कायद्याची नसते, अडचण सेक्रेटरींची असते. पानं पडतात, बाहेरची माणसं आत येतात, लिफ्टला माती लागते. (मला विचाराल तर या विषयातला सर्वात कठीण सरकारी विभाग म्हणजे मॅनेजिंग कमिटी.)

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मात्र हे सगळं एका आठवड्यात जमलं होतं हे विसरू नका. मार्केट बंद किंवा अर्धवट चालू, शेतात माल उभा, इकडे लोकांना भाजी नाही. मग व्हॉट्सॲप ग्रुप, गूगल फॉर्म, गेटवर टेम्पो, पाच किलोची बास्केट, जीपे. तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता हेच चालणार. नाही चाललं. बऱ्याच ठिकाणी वर्षभरात बंद पडलं, आणि का पडलं हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं.

पहिलं कारण गाडीभाडं. समजा जुन्नरहून पुण्याला छोटा हत्ती आणायचा, भाडं धरू ३,००० रुपये. लॉकडाऊनमध्ये सोसायटी ६०० किलो घ्यायची, म्हणजे किलोमागे ५ रुपये भाडं. मग नाक्यावरचा भाजीवाला परत आला, लोक म्हणाले या आठवड्यात नको, आहे घरात, आणि ऑर्डर २०० किलोवर आली. आता किलोमागे १५ रुपये झाले. १०० किलोवर आली की ३०. इथे शेतकरी गाडी पाठवणं बंद करतो, आणि ग्रुपवर मेसेज येतो, बघा शेतकऱ्यांनाच नको असतं! आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत पण हिशोब सगळीकडे हाच. तुम्ही किती कळवळ्याने घेता यापेक्षा दर आठवड्याला तेवढंच घेता का, हा प्रश्न गाडीसाठी महत्त्वाचा.

दुसरं कारण, एकच माणूस. प्रत्येक सोसायटीत एक ताई किंवा एक रिटायर्ड काका असतात जे यादी करतात, पैसे गोळा करतात, वांगी किडकी निघाली की ऐकून घेतात. फुकटात. आडत्या हेच काम पैसे घेऊन करतो म्हणून वर्षानुवर्षं करतो, ताई कंटाळतात आणि त्यांची काही चूक नाही. तेव्हा किलोमागे रुपया-दोन रुपये या कामाचे धराच, ताईंना द्या नाहीतर वॉचमनच्या पोराला द्या जो क्रेट उतरवतो, पण फुकट सेवेवर उभी केलेली गोष्ट पहिल्या गणपतीपर्यंत टिकते.

तिसरं, आपल्याला बाराही महिने त्याच दहा भाज्या पाहिजेत. महाराष्ट्रात सरासरी जमीन एका खातेदाराकडे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास (२०१५-१६ च्या कृषी गणनेतला आकडा). या माणसाने तुम्हाला फ्लॉवर, भेंडी, मटार, पालक, गाजर, ढोबळी सगळं एकाच आठवड्यात कुठून द्यायचं? तो देतो जे त्याच्या रानात आहे. पौष-माघात गाजर, मटार, वाल, हरभरा, उन्हाळ्यात काकडी आणि कैरी, पावसाळ्यात पालेभाजी कुजते तर तेव्हा टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली खायची. ठाणे-पालघरकडच्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका पावसाळ्यात याच रानभाज्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून घेणं हाही याच विषयाचा भाग आहे, आणि तिथे जुडीमागे पाच रुपये कमी करून घेण्यात काय पराक्रम आहे मला कळत नाही. कशी करायची ते मावशींनाच विचारा, सांगतात.

तर एकटा शेतकरी पुरा पडत नाही म्हणून गट लागतो. यासाठी कायद्यात सोय आहे, कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनी हा प्रकार आला, किमान १० शेतकरी एकत्र येऊन कंपनी काढू शकतात, शेअर फक्त उत्पादकांकडेच राहतात. याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे नाशिक जिल्ह्यात मोहाडीची सह्याद्री फार्म्स, विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना घेऊन उभी केलेली, द्राक्ष निर्यातीपासून सुरुवात झाली आणि आता प्रक्रिया, थेट विक्री सगळं आहे. पण प्रत्येक गट सह्याद्री होत नाही, कागदावर निघालेल्या आणि झोपलेल्या कंपन्याही ढिगाने आहेत. बऱ्याचदा कारण एकच, शेतकरी एकत्र आले पण घेणारा ठरलेला नव्हता, मग तोच माल, तेच मार्केट, फक्त मध्ये एक सीए वाढला.

आता घेणारा कसा ठरवायचा यात जगात काय काय करून झालंय ते बघू. जपानमध्ये १९७० च्या दशकात कीटकनाशकं आणि भेसळीला वैतागलेल्या गृहिणींनी गट करून थेट शेतकऱ्यांशी करार केले, त्याला तिकडे तेइकेइ म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर असाच प्रकार सुरू झाला, ती कल्पना युरोपातून गेलेली. पद्धत आपल्या भिशीसारखी आहे, सगळ्यांनी सीझनच्या आधी पैसे टाकायचे, त्यातून शेतकरी बी-बियाणं, मजुरी भागवतो, आणि दर आठवड्याला जे पिकेल त्याचा वाटा सगळ्यांना. फरक एवढाच की भिशीत तुमचे पैसे पक्के परत येतात आणि इथे गारपीट झाली तर त्या आठवड्याला पिशवी हलकी येते, आणि ते तुम्ही आधीच मान्य केलेलं असतं. जर्मनीत तर काही शेतांवर आणखी भारी करतात, वर्षाचा एकूण खर्च सगळ्या सभासदांसमोर मांडतात आणि प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे किती देणार ते चिठ्ठीवर लिहितो, बेरीज कमी भरली तर चिठ्ठ्या परत फिरवतात. ज्याला जास्त परवडतं तो जास्त लिहितो. आपल्याकडे पार्किंगच्या मेंटेनन्सवरून होणारी भांडणं बघता हे लगेच होईल असं मला वाटत नाही.

पण त्यातला अर्धा भाग आपल्याला नक्की जमतो, महिन्याचे पैसे आधी द्यायचे. एवढं केलं तरी आडत्याच्या उचलीचं काम थोडं तरी तुम्ही उचललं, आणि शेतकऱ्याला कळतं की पुढचे चार शनिवार चाळीस घरं पक्की आहेत, तो त्या हिशोबाने मेथीचे वाफे टाकतो, सगळी एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने.

भाव कसा ठरवायचा यावर मात्र सगळे गट फुटतात म्हणून हे नीट वाचा. मार्केटमध्ये टोमॅटो ५ रुपये असतो तेव्हा सोसायटी म्हणते, दादा तुम्ही तर डायरेक्ट देताय, मग मार्केटपेक्षा कमी नको का? आणि जुलै २०२३ सारखा टोमॅटो शंभराच्या वर गेला की शेतकरी म्हणतो या आठवड्यात माल नाही ताई, आणि क्रेट भरून नारायणगावला जातो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघं मिळून गट मोडतात. उपाय असा की सीझनच्या सुरुवातीला खालचा आणि वरचा असा एक पट्टा ठरवायचा. बाजार कितीही पडला तरी याच्या खाली आम्ही देणार नाही, कितीही चढला तरी याच्या वर तुम्ही मागणार नाही. खालचा आकडा ठरवताना त्याला खर्च विचारा, मजुरी, औषध, क्रेट, भाडं, आणि त्याच्या घरच्या बायकांची खुरपणीसुद्धा त्यात धरा, ती कुणीच धरत नाही. दोन्ही बाजूंना कधी ना कधी पश्चात्ताप होईलच, एकाच बाजूला सारखा व्हायला लागला की मात्र पट्टा बदलायचा.

सेंद्रिय का? हा प्रश्न येणारच. आपल्याकडे ऑरगॅनिक शब्दाचा बोर्ड रंगवायला काही लागत नाही, त्यामुळे संशय रास्त आहे. प्रमाणपत्राचे दोन रस्ते आहेत, एक बाहेरच्या एजन्सीचं, ते महाग आणि निर्यातवाल्यांना सोयीचं, आणि दुसरं पीजीएस, ज्यात गावातले शेतकरी गट करून एकमेकांचं शेत तपासतात आणि एकमेकांची हमी घेतात. शिवाय छोटा उत्पादक थेट खाणाऱ्याला विकत असेल तर सेंद्रिय म्हणून विकायला त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, अशी सूट अन्नसुरक्षेच्या २०१७ च्या नियमांत दिलेली आहे. म्हणजे फिरून विश्वासावरच येतं. मी तर म्हणेन ऑरगॅनिक आहे का हे विचारूच नका, हो म्हणतील. विचारायचं असेल तर, यावर शेवटची फवारणी कधी केली, कशाची केली, आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडली? प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यात ठरावीक दिवस थांबायचं असतं, ते त्याच्या लेबलवर असतं. जो शेतकरी हे न अडखळता सांगतो त्याच्याकडून घ्या, भले तो फवारत असेल. आणि वर्षातून एकदा पोरांना घेऊन त्याच्या रानात जा, हुरड्याला जातोच ना आपण पैसे भरून.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी खरं तर आधी सांगायला हवी होती. सुरुवात भाजीपासून करूच नका. भाजी म्हणजे या विषयातला सगळ्यात अवघड पेपर, रोज तोडायची, त्याच दिवशी पोचवायची, उरली की सडली. आपल्या आज्यांनी सोपा पेपर निवडला होता, वर्षाचं धान्य भरणं. उन्हाळ्यात गहू-ज्वारीची पोती ओळखीच्या माणसाकडून यायची, ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून, गव्हाला एरंडेल चोळून कोठीत जायची. गोव्यात पावसाळ्याआधी पुरुमेताची खरेदी असायची, मिरची, सुकं मासं, कोकम, चिंच, तेच तत्त्व. वर्षातून एकदा गाडी, एकदा पैसे, एकदा भांडण! शेतकऱ्यालाही रोख रक्कम एकदम मिळते.

हे आजच्या फ्लॅटमध्येही जमतं, पूर्ण वर्षाचं नाही तर चार महिन्यांचं भरा. मंगळवेढ्याची ज्वारी, मावळ-मुळशीकडचा इंद्रायणी किंवा आंबेमोहर, मराठवाड्यातली तूर (डाळ करून देणारे गट आहेत), कोल्हापूरकडचा गूळ, अलिबागचा पांढरा कांदा, जो माळा विणूनच विकला जातो आणि त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. फक्त एक लक्षात ठेवा, पॉलिश न केलेली डाळ आणि औषध न मारलेला तांदूळ यात लवकर किडे होतात, तर किडे झाले म्हणून ग्रुपवर फोटो टाकून शेतकऱ्याची बदनामी करू नका, ऊन द्या. रसायन न घातलेला गूळ काळपट असतो, पिवळाधमक असेल तर उलट शंका घ्या. लोणचं, पापड, मसाला, पीठ असं काही बनवलेलं घेताना मात्र अन्नसुरक्षेची नोंदणी विचारा, छोट्या बचत गटांनाही ती काढता येते. शेतातल्या कच्च्या मालाला शेतकऱ्याला ती लागत नाही.

घरांच्या पलीकडे मोठं गिऱ्हाईक म्हणजे मेस, खाणावळी, हॉस्टेल, शाळा. ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के छोट्या कुटुंब-शेतीवाल्यांकडून खरेदीला वापरायचे. एका सहीने लाखो ताटांची पक्की मागणी तयार झाली, तेवढी शंभर सोसायट्यांनी होत नाही. आपल्याकडे शाळांच्या परसबागा आहेत, चांगल्या आहेत, पण तालुक्यातल्या शाळेच्या खिचडीतली डाळ त्याच तालुक्यातून का येऊ नये हे ग्रामसभेत विचारायला काहीच हरकत नाही. शहरात राहत असाल तर ऑफिसच्या कँटीन कॉन्ट्रॅक्टरला विचारा.

कधी सुरू करायचं म्हणाल तर महिने पिकावर ठरतात. नवा तांदूळ दिवाळीनंतर, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, ज्वारी-गहू फेब्रुवारी ते एप्रिल. त्याच्या महिना-दीड महिना आधी ग्रुपवर फक्त एवढंच विचारायचं की कुणाकुणाला किती किलो हवंय, आणि अर्धे पैसे आगाऊ देणाऱ्यांचंच नाव यादीत घ्यायचं. थम्ब्स अप टाकणाऱ्यांचं नाही.